गावात दूध संस्था काढायचीय? बोर्ड नंतर रंगवा, आधी काटा बघा

परवा पाहुण्यांच्यातल्या एका पोराचा फोन, दादा आमच्या गावात दूध संस्था काढायचीय, काय काय लागतं सांग. मी म्हटलं कागदाचं सांगू का खरं सांगू, तर म्हणाला दोन्ही सांग. हा प्रश्न मला वर्षातनं तीनचारदा तरी येतोच आणि फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी गावच्या दूध संस्थेत अकरा वर्षं कमिटीवर होतो, त्यातली दोन वर्षं सचिव टिकेना म्हणून पहाटे साडेपाचला मीच काट्यावर बसायचो, तर यातलं बरंचसं तिथं बसून शिव्या खात शिकलेलं आहे.

आधी हे की दूध संस्थाच का. आपल्याकडं सहकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं साखर कारखाना येतो, लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला प्रवरेचा कारखाना वगैरे, आणि ते मोठंच काम आहे, पण कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला रान लागतं, पाणी लागतं. गावच्या विकास सोसायटीत पीककर्ज पाहिजे तर सातबारा लागतो. दूध संस्थेत फक्त एक म्हैस लागते, ती पण वाट्यानं घेतलेली चालते. ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्या घरातली बाई आणि वीस एकराचा बागायतदार एकाच रांगेत किटली घेऊन उभे राहतात आणि सभेत दोघांना एकेकच मत. गावात अशी दुसरी जागा मला तरी दाखवा. देवळात सुद्धा मानाचे नारळ वेगवेगळे असतात.

तर सुरवात कशी करायची.

बोर्ड, शिक्का, लेटरहेड, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं हे सगळं बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि पंधरा दिवस घरोघर फिरा. कोणाकडं किती जनावरं, दुभती किती, गाभण किती, घरी ठेवून डेअरीला किती लिटर घालतात, आत्ता कुठं घालतात, खासगी गवळ्याकडनं उचल घेतलीय का. हे शेवटचं लै महत्त्वाचं. ज्यानं गवळ्याकडनं म्हशीसाठी वीस हजार उचललेत तो तुमच्या मीटिंगला येऊन टाळ्या वाजवेल पण दूध गवळ्यालाच घालेल, आणि त्यात त्याची चूक काही नाही, तो बांधला गेलाय. असे किती आहेत ते आकड्यात काढा आणि तेवढं दूध हिशोबातनं वजा करा. उरलं ते तुमचं खरं दूध. पावसाळ्यानंतर दूध वाढतं आणि उन्हाळ्यात आटतं, त्यामुळं दिवाळीतला आकडा बघून हुरळून जाऊ नका, मे महिन्यातला आकडा धरा.

गावात आधीच संस्था असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा की आपण नवी काढतोय ती गरज म्हणून की खुन्नस म्हणून. आमच्या भागात प्रत्येक गटाची वेगळी डेअरी असते हे काय लपून राहिलेलं नाही, ग्रामपंचायतीत पडला की पुढच्या महिन्यात डेअरी काढतो. समजा गावात रोजचं ८०० लिटर आहे. एक संस्था असली की एक सचिव, एक काटा, एक भाडं, एक लाईट बिल. दोन केल्या की ४०० - ४०० लिटर आणि खर्च मात्र दोन्हीकडं पुरेपूर, म्हणजे दोन्हीकडच्या सभासदाला वर्षाअखेरीला लिटरमागं मिळणारे जादा पैसे, ज्याला आम्ही फरक म्हणतो, ते कमी होतात आणि वर भावकीत तोंड फिरवून चालायची सोय होते ती वेगळीच. जुन्या संस्थेत घोळ असेल तर तिथंच सभासद होऊन हिशोब मागा, त्याचा कायदेशीर हक्क आहे, खाली लिहिलंय. ते सगळं करून सुद्धा जमलं नाही तर मग काढा.

कागदाचं थोडक्यात सांगतो कारण ते ऑफिसात गेलं की कळतंच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदणी होते, कायद्यानं कमीत कमी दहा जण पाहिजेत आणि ते वेगवेगळ्या घरातले पाहिजेत, एकाच घरातले दहा चालत नाहीत. दूध संस्थेसाठी सहाय्यक निबंधक सहकारी संस्था (दुग्ध) यांचं ऑफिस बघायचं. प्रवर्तकांची म्हणजे संस्था काढणाऱ्यांची सभा घ्यायची, एक मुख्य प्रवर्तक नेमायचा, नाव आरक्षित करायचं, भागाची म्हणजे शेअरची रक्कम बँकेत भरायची, आदर्श उपविधी म्हणजे संस्थेच्या नियमांचा छापील नमुना मिळतो तो घ्यायचा. रोजचं किती दूध आणि किती सभासद पाहिजेत याचे निकष ऑफिसातच विचारा, गावातल्या हुशार माणसाला विचारू नका. उपविधी मात्र न वाचता सही करू नका, निम्म्या संस्थांतली भांडणं उपविधीत पहिल्या दिवसापासनं लिहिलेली असतात, फक्त कोणी वाचलेली नसतात.

सभासद करताना एक गोष्ट मी परत करायची वेळ आली तर अशीच करीन, शेअर घरातल्या बाईच्या नावावर काढायचा. शेण ती काढते, वैरण ती आणते, धार ती काढते आणि बिलाच्या दिवशी सही करायला नवरा येतो. पैसे तिच्या खात्यावर गेले की त्यातनं पोरांची फी जाते, दवाखाना जातो, भिशी जाते. नवऱ्याच्या खिशातनं वाटेत काय काय जातं ते मी लिहायची गरज नाही. कमिटीत महिलांच्या दोन जागा कायद्यानं राखीव आहेतच, पण तिथं चेअरमनची बायको आणि व्हाईस चेअरमनची सून बसवली तर ते नुसतं रजिस्टर भरणं झालं. रोज रांगेत उभी राहणारी बाई घ्या, ती पहिल्याच मीटिंगला विचारते की संध्याकाळी फॅट कमी का लागते.

आता मुद्द्यावर येतो. काटा.

लोक मला म्हणतात संस्थेमुळं गावात एकी येते. एकी भाषणानं येत नाही, दिवसातनं दोनदा सगळ्यांचं दूध एकाच काट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यादेखत मोजलं जातं आणि दहाव्या दिवशी पैसे मिळतात त्यानं येते. काट्यावरचा विश्वास गेला की तुम्ही कितीही गणपती बसवा, उपयोग नाही. म्हणून काटा घेताना बघा की तो कितीच्या पायरीनं आकडा दाखवतो. १०० मिलीच्या पायरीचा असला आणि खालचा आकडा धरला जात असला तर ४ लिटर ९० मिली घालणाऱ्याचे ९० मिली गेलेच. सरासरी धरा दर खेपेला ५० मिली, दोन वेळचे १००, वर्षाला साडेछत्तीस लिटर. लिटरला ५० रुपये धरले तरी १८२५ रुपये, एका घराचे, आणि कोणी चोरी केली असं म्हणायची पण सोय नाही कारण काट्यानंच खाल्लेत. १० मिलीच्या पायरीचा काटा घ्या. डिस्प्ले सभासदाच्या बाजूला फिरवून ठेवा, सचिवाच्या बाजूला एकटाच नको. वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का वेळेवर मारून घ्या आणि तो कागद भिंतीला लावा. आणि काटा किलो मोजून लिटर दाखवतो का तेही बघा, कारण एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, हे गणित सभासदाला एकदा पाटीवर मांडून दाखवलं की पुढची दहा वर्षं कोणी वाद घालत नाही.

फॅटचं तसंच. पूर्वी गर्बर पद्धत होती, १० मिली ॲसिड, पावणेअकरा मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, मग सेंट्रीफ्यूजला फिरवायचं, हात भाजायचे. आता ॲनालायझर आहे, मिनिटात फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) दोन्ही दाखवतो, पण मशीन धुतलं नाही की चुकीचं दाखवतं, आणि दर थोड्या दिवसांनी गर्बरशी ताडून बघायला लागतं. आमच्याकडं एकदा तीन आठवडे सगळ्यांची फॅट पॉईंट दोनपॉईंटनं कमी यायला लागली, बायकांनी म्हशींना दोष दिला, पेंडीला दोष दिला, शेवटी कळलं की मशीन स्वच्छ करायचं लिक्विड संपलं होतं आणि सचिवानं कमिटीला सांगितलंच नव्हतं. फरक सगळ्यांना परत दिला, पण त्या तीन आठवड्यात आठ घरं गवळ्याकडं गेली ती दोन वर्षं परत आली नाहीत. सॅम्पल काढायच्या आधी किटलीतलं दूध प्लंजरनं, म्हणजे ढवळायच्या दांड्यानं हलवलंच पाहिजे, नाहीतर साय वर आणि पाणी खाली, एखाद्याला उगीच सात लागते आणि एखाद्याला उगीच पाच. चेअरमनच्या घरचं दूध पण हलवायचं.

सॅम्पलचं दूध हा एक छोटा पण गमतीशीर विषय. दोनशे सभासद आणि दर खेपेला ५० मिली म्हटलं तरी १० लिटर झालं एका वेळचं. हे दूध कोणाचं? संस्थेचं. ते रोजच्या रजिस्टरला चढलं पाहिजे आणि त्याचे पैसे संस्थेच्या खात्यात दिसले पाहिजेत. ज्या संस्थेत सॅम्पलचं दूध कुठं जातं ते कोणाला सांगता येत नाही तिथं बाकीचं पण काय विचारू नका.

बिल दहा दिवसाचं ठेवा किंवा पंधरवड्याचं, पण तारीख मोडू नका. लोकांनी त्या तारखेवर किराणा दुकानदाराला, डॉक्टरला, पोराच्या क्लासवाल्याला शब्द दिलेला असतो. ऊस बिल वर्षातनं एकदा येतं आणि कधी येईल ते कारखान्यालाच माहीत, दुधाचं बिल महिन्यातनं तीनदा येतं, म्हणून दुष्काळात पण घर चालतं. फक्त कपातीला लगाम घाला. पशुखाद्य, औषध, पतसंस्थेचा हप्ता, कोणाकोणाची वर्गणी असं सगळं दूध बिलातनं कापायची सवय लागली की बाईच्या हातात शेवटी चाळीस रुपये येतात आणि ती म्हणते मग मी धार कशाला काढू. आम्ही ठराव करून घेतला होता की काहीही झालं तरी बिलाच्या निम्म्यापेक्षा जास्त कपात नाही, वसुली थोडी लांबते पण माणूस तुटत नाही. आणि देवाच्या, जत्रेच्या, क्रिकेट मॅचच्या वर्गणीला बिलातनं कपात अजिबात नको, कितीही गोड बोलून मागू देत.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत आणि नंतर पस्तावतात ते. अडचणीच्या दिवसाची तयारी.

२०१९ चा ऑगस्ट आणि परत २०२१ चा जुलै, कोल्हापूर-सांगलीकडच्यांना सांगायची गरज नाही. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी, गावाचे रस्ते बंद, दुधाचा टँकर येणार कुठनं. म्हशीला पूर कळत नाही, ती दोन टाईम धार देतेच. लोकांनी दूध वाटलं, खवा केला, तूप काढलं, उरलेलं ओतलं. त्यातनं शिकलेलं सांगतो. सर्वसाधारण सभेत ठराव करून लिटरमागं १० पैसे बाजूला काढा, ५०० लिटर रोजच्या संस्थेचे दिवसाला ५० रुपये, वर्षाला १८ हजार २५० होतात. हे कोणाला जाणवत नाही. वेगळ्या खात्यात ठेवा आणि वापरायचे नियम आधीच लिहा, म्हणजे पाणी आल्यावर कोणाला द्यायचं यावर भांडण नको. आमचा नियम साधा होता, संकलन बंद पडलं तर मागच्या दहा दिवसाच्या सरासरीवर ठराविक रक्कम, सगळ्यांना एकाच दरानं, आणि सरपंचाच्या घराला पहिलं नाही.

पैशापेक्षा यादी जास्त कामाला येते. कोणाचा गोठा ओढ्याकाठी आहे, कोणाची जनावरं म्हातारी एकटीच सांभाळते, कोणाकडं ट्रॅक्टर ट्रॉली आहे, उंचावर कोणाचं रान मोकळं आहे, कोणाकडं कडब्याची गंज शिल्लक आहे. संस्थेकडं ही माहिती आपोआप असते, कारण सगळी घरं रोज दोनदा दारात येतात, फक्त ती सचिवाच्या डोक्यातनं वहीत उतरवायची असते. पावसाळ्याच्या आधी जूनमध्ये एक मीटिंग घ्या, वही काढा आणि कोणाची जनावरं कोणाच्या रानात हलवायची ते नावानिशी ठरवा. पुराच्या रात्री दोन वाजता बांधाचं भांडण असलेल्या भावांना एकमेकांच्या रानात म्हशी बांधायला लावायच्या असतील तर ते जूनमध्येच चहावर ठरलेलं बरं. आणि रोजच्या रांगेचा आणखी एक फायदा, कोणी दोन दिवस आलं नाही की लगेच कोणीतरी विचारतं, आक्का दिसल्या नाहीत? एकदा अशीच चौकशी करायला पोरगं पाठवलं तर म्हातारी घरात पडून होती, पाय मोडलेला. ह्याला कुठलं ॲप नाही.

जनावरांच्या कानातला बिल्ला असतो ना बारा आकडी, त्याचं रजिस्टर पण संस्थेत ठेवा, घरवार. २०२२ ला लम्पी आला तेव्हा ज्या गावात अशी नोंद होती तिथं लसीकरणाची टीम आली की अर्ध्या दिवसात काम व्हायचं, बाकीकडं बिल्ला शोधण्यातच दिवस जायचा. जनावर दगावलं की मदतीसाठी, विम्यासाठी पहिला प्रश्न बिल्ल्याचाच असतो आणि त्या वेळी घरचा माणूस रडत असतो, त्याला नंबर कुठला आठवतोय.

वर्ष संपलं की हिशोब. कायद्यानं निव्वळ नफ्याचा कमीत कमी चौथा भाग राखीव निधीला जातो आणि शेअरवर लाभांश १५ टक्क्याच्या वर देता येत नाही. म्हणजे इथं पैसा गुंतवणाऱ्याची मज्जा नाही, दूध घालणाऱ्याची आहे, आणि ते बरोबरच आहे. उरलेलं फरक म्हणून लिटरवर वाटा. लिटरला दीड रुपया फरक बसला आणि रोजचं तीन लिटर दूध असलं तर वर्षाचे १०९५ लिटर, साधारण १६४२ रुपये. दिवाळीच्या आधी आठ दिवस वाटा, दिवाळी झाल्यावर नाही. गोकुळची दिवाळी म्हटलं की आमच्याकडच्या बायकांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघितलं की कळतं, १९६३ ला स्थापन झालेला हा कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ आज पण घराघरात का बोलला जातो.

सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. ती खरी घ्या. बऱ्याच ठिकाणी मंजूर मंजूर मंजूर, वडा, चहा, संपलं, वीस मिनिटात. आम्ही ताळेबंद वाचून दाखवायचं बंद केलं आणि एका फळ्यावर मोठ्या अक्षरात दहा आकडे लिहायला लागलो, किती लिटर आलं, किती गेलं, घट किती, सॅम्पल किती, सचिवाचा पगार, लाईट बिल, पेंडीत नफा किती, उधारी कोणाकडं किती. उधारीच्या ओळीत कमिटीतल्या दोघांची नावं आली तेव्हा हॉल गप्प झाला, पण पुढच्या महिन्यात दोघांनी भरले. वार्षिक ताळेबंद, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराचं पान सभासदाला संस्थेच्या ऑफिसात फुकट बघता येतं, कायद्याचं कलम ३२. हे कलम फळ्याच्या खाली कायमचं रंगवून टाका. कोणी वही मागितली की चेअरमनला राग येत असेल तर चेअरमन बदला, कलम नाही.

निवडणूक बिनविरोध व्हावी असं सगळे म्हणतात. मला पूर्वी वाटायचं तेच चांगलं, आता तेवढं वाटत नाही. बिनविरोध म्हणजे बऱ्याचदा चार मोठ्या घरांनी रात्री बसून जागा वाटून घेतल्या एवढंच असतं. लढत झाली तरी चालेल, फक्त दोन नियम पाळा, निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडलेल्या पॅनेलच्या लोकांचं दूध त्याच काट्यावर त्याच क्रमानं घ्यायचं, आणि सचिव बदलायचा नाही. सचिव नोकर आहे, गटाचा माणूस नाही. त्याला पगार नीट द्या, हजार दोन हजारात पहाटे साडेपाचपासनं राबवलं तर तो सॅम्पलच्या दुधाकडं बघणारच.

पहिल्या दहा दिवसाचं बिल मात्र कॉम्प्युटरवर काढलं तरी आदल्या रात्री कमिटीनं बसून हातानं परत करा, निदान वीस घरांचं. आम्ही बसलो होतो, रात्री पावणेबारा वाजले, एका घराचे ३४ रुपये कमी निघत होते आणि कारण सापडेना. शेवटी कळलं की एका संध्याकाळी गाईचं दूध म्हशीत चढलं होतं आणि एका सकाळी म्हशीचं गाईत. दुरुस्त केलं, पावती परत फाडली, आणि सकाळी त्या बाईला सगळ्यांच्या समोर सांगितलं की आमची चूक झाली होती, हे तुमचे ३४ रुपये. तिनं मोजून घेतले. मागं रांगेत उभी असलेली तिची जाऊ, जी अजून गवळ्याला घालायची आणि नुसती बघायला आली होती, तिनं विचारलं शेअर कितीचा आहे.